घरच्या अभ्यासातून पब्लिक हायस्कूलमध्ये जाताना: ट्रान्सक्रिप्टचे तीन मार्ग

अमेरिकेत मुलांना घरी शिकवणारी मराठी कुटुंबे टेक्सासमध्ये आहेत, न्यू जर्सीत आहेत आणि कॅलिफोर्नियाच्या बे एरियातही आहेत. त्यांच्यापैकी काहींच्या घरी नववी-दहावीच्या सुमारास मूल स्वतःच म्हणते की आता शाळेत जायचे आहे. कुणाला प्रयोगशाळा हवी असते, कुणाला ऑर्केस्ट्रा, कुणाला रोज भेटणारे मित्र. निर्णय आनंदाचा असतो, पण प्रवेशाच्या वेळी स्कूल डिस्ट्रिक्ट (पब्लिक, म्हणजे सरकारी, शाळा चालवणारी स्थानिक यंत्रणा) जो पहिला कागद मागते तो म्हणजे ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे शिकलेले विषय आणि श्रेणी यांची नोंद, आणि तो कुणी तयार करायचा व त्याला किती वजन मिळेल हे प्रत्येक राज्यात, पुष्कळदा प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्येही, वेगळे असते.

मूल आठवी संपवून थेट नववीत जात असेल तर फारशी काळजी नसावी. हायस्कूलच्या पदवीसाठी लागणारी क्रेडिट्स (विषय पूर्ण केल्याबद्दल मिळणारी एकके) साधारणपणे नववीपासून मोजली जातात, त्यामुळे गणितात अल्जिब्रा की जिऑमेट्री एवढाच प्रश्न उरतो आणि तो एका चाचणीत सुटतो. पुढचे सगळे विवेचन नववी, दहावी किंवा त्याहून अधिक अभ्यास घरी झालेल्या मुलांसाठी आहे.

मार्ग निवडण्यापूर्वी दोन प्रश्न वेगळे करून घ्यावेत, कारण बहुतेक घोटाळा ते एकत्र केल्यामुळे होतो. विषयाचे क्रेडिट मिळणार का, हा पहिला प्रश्न. त्या विषयाची श्रेणी जीपीएमध्ये (सर्व श्रेणींच्या सरासरीत) धरली जाणार का, हा दुसरा. घरच्या अभ्यासाला क्रेडिट देऊनही ट्रान्सक्रिप्टवर फक्त ‘उत्तीर्ण’ असा शेरा मारणारी आणि जीपीए शाळेत आल्यापासूनच मोजणारी डिस्ट्रिक्ट्स आहेत. टेक्साससारख्या राज्यात याचे परिणाम दूरगामी असतात. १९९७च्या कायद्याने तिथे वर्गातील वरच्या दहा टक्के विद्यार्थ्यांना सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेशाचा हक्क दिला आणि ऑस्टिनच्या विद्यापीठाने ही मर्यादा २०२६च्या प्रवेशांसाठी पाच टक्क्यांवर आणली. वर्गातील क्रमांक जीपीएवर ठरतो, म्हणून घरच्या दोन वर्षांचे काय धरले जाईल हे आधी विचारून घेणे तिथे फारच गरजेचे आहे.

पहिला मार्ग: पालकांनी तयार केलेले ट्रान्सक्रिप्ट

हा मार्ग बिनखर्चाचा आहे आणि मुलाने खरोखर काय केले ते सर्वांत नीट यातूनच दिसते. कायद्याच्या दृष्टीने त्याला आधारही आहे. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४च्या लीपर खटल्यात घरच्या शिक्षणाला खासगी शाळेचे स्थान मान्य केले, तर कॅलिफोर्नियात पालक दरवर्षी १ ते १५ ऑक्टोबरदरम्यान खासगी शाळेचे प्रतिज्ञापत्र दाखल करून घरी शिकवू शकतात. मात्र पालकांची शाळा कायदेशीर असणे आणि तिने दिलेले क्रेडिट पब्लिक हायस्कूलने स्वीकारणे या वेगळ्या गोष्टी आहेत. टेक्सासच्या नियमांनुसार डिस्ट्रिक्टला राज्यातील मान्यताप्राप्त डिस्ट्रिक्टमध्ये मिळालेली क्रेडिट्स स्वीकारावीच लागतात, पण खासगी शाळेतून आलेल्या मुलाच्या नोंदींचे ते आपल्या पद्धतीने मूल्यमापन करते आणि त्यासाठी परीक्षाही घेऊ शकते. न्यूयॉर्कमध्ये पालक दरवर्षी अध्ययन योजना आणि दर तिमाहीला अहवाल देतात, त्यामुळे कागदपत्रे आपोआप साठत जातात, पण क्रेडिटचा निर्णय मुख्याध्यापकांचाच असतो. न्यू जर्सीत घरी शिकवण्यासाठी डिस्ट्रिक्टला कळवण्याचीही सक्ती नाही. ही मोकळीक सुखाची असली तरी तिची दुसरी बाजू अशी की प्रवेशाच्या दिवशी डिस्ट्रिक्टकडे तुमच्या मुलाची एकही नोंद नसते आणि सगळा भार तुमच्या कागदांवर येतो.

हे कागद कसे असावेत याचे एक उदाहरण देतो. ट्रान्सक्रिप्टवर ‘विज्ञान, नववी, ए’ एवढीच ओळ असेल तर रजिस्ट्रारला (नोंदी तपासणाऱ्या अधिकाऱ्याला) तिचे काहीही करता येत नाही. त्याऐवजी ‘जीवशास्त्र, प्रयोगांसह, पूर्ण वर्ष, १ क्रेडिट, ए’ असे लिहावे आणि सोबत अर्ध्या पानाचे अभ्यासवर्णन जोडावे: कोणते पाठ्यपुस्तक, त्यातील कोणती प्रकरणे, आठवड्याला किती तास, किती लेखी चाचण्या, आणि श्रेणी कोणत्या निकषांवर दिली. प्रयोगवहीतील तारखेसह तीन-चार पाने जोडली तर फारच उत्तम. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या कांद्याच्या पापुद्र्याची मुलाने काढलेली आकृती, तिच्याखालची निरीक्षणे आणि चुकलेल्या मोजमापावर मारलेली रेघ पाहून विज्ञानाच्या शिक्षकाला जे कळते ते कोणत्याही शिक्क्याने कळत नाही. श्रेणी मात्र प्रामाणिक असाव्यात. सगळ्या रकान्यांत ‘ए’ भरलेले पान संशय निर्माण करते, आणि पुढे चाचणीत मूल त्या पातळीवर उतरले नाही तर बाकीच्या खऱ्या नोंदींवरचाही विश्वास उडतो.

क्रेडिटचे माप राज्यागणिक बदलते, हेही इथेच लक्षात ठेवावे. पूर्ण वर्षाचा एक विषय म्हणजे टेक्सास आणि फ्लोरिडात १ क्रेडिट, न्यू जर्सीत ५ आणि कॅलिफोर्नियाच्या बहुतेक डिस्ट्रिक्ट्समध्ये १०. पदवीसाठी टेक्सासमध्ये मूळ कार्यक्रमाची २२ आणि विशेष शाखेसह २६ क्रेडिट्स लागतात, फ्लोरिडात २४, न्यू जर्सीत १२०. ज्या डिस्ट्रिक्टमध्ये जायचे आहे त्याच्याच मापात ट्रान्सक्रिप्ट लिहिले तर रजिस्ट्रारचे काम सोपे होते आणि गैरसमज टळतो. तासांचा हिशेब ठेवायचा असेल तर वर्षाला किमान १२० तास हे जुने कार्नेगी माप हाताशी धरावे. फ्लोरिडात एका क्रेडिटसाठी साधारण १३५ तासांचे अध्यापन धरले जाते.

दुसरा मार्ग: मान्यताप्राप्त संस्थेतून केलेले विषय

मूल घरी असतानाच काही विषय मान्यताप्राप्त ऑनलाइन शाळेतून किंवा सरकारी व्हर्च्युअल शाळेतून करून घेतले की ट्रान्सक्रिप्ट त्या संस्थेकडून थेट हायस्कूलकडे जाते. कॉग्निया, मिडल स्टेट्स किंवा पश्चिम किनाऱ्यावर वॉस्क या शाळांना मान्यता देणाऱ्या मंडळांची मान्यता असलेल्या संस्थेचे क्रेडिट सहसा वादाशिवाय स्वीकारले जाते आणि श्रेणीही जीपीएमध्ये येण्याची शक्यता बरीच वाढते. फ्लोरिडातील कुटुंबांना तर १९९७मध्ये सुरू झालेल्या फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूलचे विषय घरी शिकणाऱ्या मुलांसाठी विनाशुल्क घेता येतात. कॅलिफोर्नियात काही कुटुंबे घरून अभ्यासाची सोय देणाऱ्या चार्टर शाळेत (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळेत) नाव घालतात. तसे मूल कायद्याने पब्लिक शाळेचेच विद्यार्थी असते, त्यामुळे हायस्कूल बदलणे म्हणजे एका पब्लिक शाळेतून दुसरीत जाणे ठरते. शिवाय कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रवेशासाठी लागणारे पंधरा वार्षिक विषय मान्य यादीतले असावे लागतात आणि अशा अनेक चार्टर शाळांचे विषय त्या यादीत असतात.

या मार्गाची किंमत दोन प्रकारची आहे. राज्याबाहेरच्या खासगी संस्थांचे शुल्क प्रत्येक विषयामागे बरेच असते, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांचे वेळापत्रक, त्यांची पुस्तके, त्यांच्या चाचण्या हे सगळे घरात येते. ज्या मोकळेपणासाठी मूल घरी शिकवले तो मोकळेपणा तेवढ्या विषयांपुरता सोडावा लागतो. आणखी एक सावधगिरी बाळगावी. हा मार्ग आधीच धरावा लागतो. झालेल्या वर्षाला मागाहून मान्यतेचा शिक्का मिळवून देऊ म्हणणाऱ्या संस्थांचे शुल्क भरण्याआधी, त्या संस्थेचे नाव घेऊन आपल्याच डिस्ट्रिक्टच्या रजिस्ट्रारला लेखी विचारावे. त्यांचे उत्तर ‘नाही’ असेल तर तो कागद त्या हायस्कूलपुरता निरुपयोगी आहे, संकेतस्थळावर काहीही लिहिलेले असो.

तिसरा मार्ग: परीक्षा देऊन क्रेडिट

टेक्सासमध्ये या मार्गाचे नियम सर्वांत स्पष्ट आहेत. मूल एखादा विषय औपचारिकपणे न शिकता परीक्षेला बसत असेल तर शंभरपैकी ८० गुणांवर आणि तो विषय आधी शिकलेला असेल तर ७० गुणांवर क्रेडिट मिळते. या परीक्षा बहुधा टेक्सास टेक किंवा ऑस्टिनच्या विद्यापीठाने तयार केलेल्या असतात. डिस्ट्रिक्टने मान्य केलेल्या एपी परीक्षेत (कॉलेजच्या पातळीच्या विषयपरीक्षेत) पाचपैकी ३ किंवा अधिक गुण, अथवा क्लेप या तशाच दुसऱ्या परीक्षेत ६० किंवा अधिक गुण मिळाले तरी संबंधित विषयाचे क्रेडिट मिळू शकते. घरचा अभ्यास पक्का असलेल्या मुलासाठी हा मार्ग न्याय्य आहे, कारण तो पालकांच्या शब्दावर अवलंबून नसतो. अडचण तारखांची असते. डिस्ट्रिक्टच्या परीक्षा वर्षातून ठरलेल्या काळातच होतात. एपी परीक्षा मे महिन्यात होतात, त्यांचे निकाल जुलैमध्ये लागतात, आणि घरी शिकणाऱ्या मुलाने जवळच्या एखाद्या शाळेशी बोलून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत नोंदणी करावी लागते. ऑगस्टमध्ये प्रवेश घ्यायचा असेल तर ही धावपळ आदल्या वर्षीच सुरू व्हायला हवी.

फ्लोरिडाचा नियम याच जातीचा असला तरी स्वभावाने वेगळा आहे, आणि तो मला सर्वांत समंजस वाटतो. मान्यता नसलेल्या ठिकाणाहून आलेली क्रेडिट्स तिथे मुलाच्या नव्या शाळेतील कामगिरीवरून पडताळली जातात. पहिल्या मूल्यमापन कालखंडाच्या शेवटी जीपीए २.० किंवा त्याहून अधिक असला की आधीची क्रेडिट्स ग्राह्य धरली जातात. तेवढा नसला तरी दार बंद होत नाही, कारण पोर्टफोलिओ, प्रमाणित शिक्षकाची शिफारस, एपी किंवा अन्य विषयपरीक्षा असे पर्याय नियमात दिलेले आहेत. फ्लोरिडात घरी शिकवणाऱ्या पालकांना कायद्यानेच पोर्टफोलिओ दोन वर्षे जपून ठेवावा लागतो, तो इथे उपयोगी पडतो. अल्जिब्रा १ ची राज्यस्तरीय परीक्षा आणि दहावीची इंग्रजीची परीक्षा यांची अट मात्र पदवीसाठी वेगळी राहते.

विषयानुसार निवड

माझे स्पष्ट मत असे की सगळ्या विषयांसाठी एकच मार्ग धरू नये. गणितात पुढचा विषय मागच्यावर उभा असतो, त्यामुळे तिथे परीक्षा किंवा मान्यताप्राप्त वर्ग यांवर पैसे आणि श्रम खर्च करावेत. जिऑमेट्री येत असलेल्या मुलाला पुन्हा अल्जिब्रा १ मध्ये बसवणे म्हणजे त्याचे एक वर्ष आणि पुष्कळसा उत्साह वाया घालवणे आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठ तर अल्जिब्रा २ पूर्ण झाले की अल्जिब्रा १ ची अट पुरी झाली असे मानते, त्यामुळे तिथे योग्य वर्गात जागा मिळवणे हेच अर्धे काम असते. इंग्रजीसाठी पोर्टफोलिओ पुष्कळदा पुरतो. तारखा घातलेले पाच-सहा निबंध, त्यांतल्या एकाचा पहिला आणि अंतिम मसुदा, आणि वाचलेल्या पुस्तकांची यादी एवढे दिले की विभागप्रमुखाला पातळी कळते. विज्ञानात प्रयोगांचा पुरावा निर्णायक असतो, तो नसेल तर परीक्षेतले गुणही कधी कधी अपुरे पडतात. अमेरिकेचा इतिहास आणि शासनव्यवस्था हे विषय राज्याच्या अटींना इतके बांधलेले असतात की त्यांच्या क्रेडिटसाठी झगडण्यापेक्षा ते शाळेतच घ्यावेत. शारीरिक शिक्षण आणि कला यांना तासांची नोंदवही पुरे.

मराठीचा विचार आपल्या घरांत सहसा सुटून जातो. परभाषेच्या क्रेडिटची अट अनेक राज्यांत आहे. टेक्सासमध्ये ती दोन क्रेडिट्सची आहे. जे मूल घरी मराठी बोलते आणि रविवारच्या मराठी शाळेत लिहा-वाचायला शिकले, त्याचे हे ज्ञान मोजण्याची परीक्षा तुमच्या डिस्ट्रिक्टला मान्य आहे का, आणि द्वैभाषिकतेच्या सन्मानचिन्हासाठी (सील ऑफ बायलिटरसी) ती चालते का, हे काउन्सेलरला (विषय निवडताना सल्ला देणाऱ्या शाळेतल्या व्यक्तीला) मराठीचे नाव घेऊन विचारावे. हे चिन्ह देण्याची सुरुवात कॅलिफोर्नियाने २०११च्या कायद्याने केली आणि आता बहुतेक राज्यांत ते मिळते. काउन्सेलरच्या तोंडी बहुधा स्पॅनिश आणि फ्रेंचच असते, म्हणून आपणच विषय काढावा लागतो.

कधी आणि कसे विचारायचे

दहावीच्या सुरुवातीला प्रवेश घेणाऱ्या मुलाजवळ चुकलेले एखादे क्रेडिट भरून काढायला तीन वर्षे आणि उन्हाळ्याच्या सुट्या असतात. अकरावीच्या मध्यावर येणाऱ्याजवळ जेमतेम तीन सेमिस्टर उरतात, आणि क्रेडिट्स कमी धरली गेली तर सोळा-सतरा वर्षांचे मूल कागदोपत्री नववीत नोंदवले जाऊ शकते. तेव्हा अकरावीत बदलायचे असेल तर पहिल्या मार्गावर विसंबू नये. दुसरा किंवा तिसरा मार्ग जमवता येत नसेल तर घरूनच पदवी पूर्ण करण्याचाही गंभीरपणे विचार करावा.

डिस्ट्रिक्टशी बोलणे जानेवारी ते मार्चमध्ये सुरू करावे, कारण पुढच्या वर्षाचे विषय बहुतेक हायस्कुलांत तेव्हाच निवडले जातात. प्रश्न ईमेलने विचारावेत आणि उत्तरे जपून ठेवावीत. मान्यता नसलेल्या शाळेच्या क्रेडिटबाबत डिस्ट्रिक्टच्या मंडळाचे लेखी धोरण कोणते, निर्णय काउन्सेलर घेतो की रजिस्ट्रार की मुख्याध्यापक, श्रेणी जीपीएत धरतात की फक्त ‘उत्तीर्ण’ लिहितात, आणि निर्णय मान्य नसेल तर दाद कुठे मागायची, एवढे चार प्रश्न पुरेसे आहेत. एखादे क्रेडिट नाकारले तर कारण लेखी मागावे, कारण पुष्कळदा अडचण अभ्यासात नसून वर्णनात राहून गेलेल्या एका ओळीत असते आणि ती पुरवल्यावर निर्णय बदलतो.

शाळेने घरच्या वर्षांचे एकही क्रेडिट धरले नाही तरी ते ट्रान्सक्रिप्ट आणि अभ्यासवर्णने टाकून देऊ नयेत. कॉलेजे सहसा नववी ते बारावीच्या सर्व ठिकाणांच्या नोंदी मागतात, आणि बारावीच्या शरदात अर्ज भरताना घरचे ट्रान्सक्रिप्ट हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टसोबत काउन्सेलरमार्फत पाठवता येते का, हे अकरावी संपण्यापूर्वी विचारून ठेवावे.