नागपुरातून परदेशात कोसा विकताना : भाडं, ड्युटी आणि ग्राहक

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी-आंधळगावकडच्या विणकरांकडून कोशाचे (म्हणजे टसर रेशमाचे) स्टोल, दुपट्टे आणि करवतीच्या दातांसारखे काठ असलेल्या करवती साड्या घ्यायच्या आणि नागपुरातून परदेशात विकायच्या, हे काम मी वर्षभराहून जास्त काळ करते आहे. विक्री मुख्यतः एका मोठ्या आंतरराष्ट्रीय संकेतस्थळावरून होते, थोडी ओळखीतून व्हॉट्सॲपवर. माल कधी पोस्टाने जातो, कधी खासगी कुरियरने. गांधीबागेतले कापडवाले आणि धरमपेठेत बुटीक चालवणाऱ्या मैत्रिणी भेटल्या की पहिला प्रश्न एकच असतो : "बाहेर पाठवणं परवडते का?" त्यांच्यासाठी आणि असा विचार करणाऱ्या इतरांसाठी हा सगळा अनुभव.

परवडतं, पण पार्सलचं भाडं आणि ड्युटी (माल जिथे जातो त्या देशाचं आयात शुल्क) विक्रीच्या आधी ग्राहकासमोर ठेवली तरच. भाडं फार आहे ही एक तक्रार आणि ग्राहक त्रास देतात ही दुसरी, असं सगळे विक्रेते बोलतात. माझ्या मते त्या दोन तक्रारी नाहीतच. भांडण मालावरून सुरू झालेलं दिसतं, पण चार मेसेज वाचले की तळाशी कुणीतरी आधी न सांगितलेला खर्च निघतो.

आधी भाड्याचं बोलू. खासगी कुरियरवाले पार्सलचं दोनदा वजन करतात. एकदा काट्यावर, एकदा टेपने. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करायचा आणि त्याला ५००० ने भागायचं. जो आकडा येतो तो किलोमधला व्हॉल्युमेट्रिक वजनाचा. प्रत्यक्ष वजन आणि हे वजन यांत जे जास्त, त्यावर भाडं. कोशाचा स्टोल दोन-अडीचशे ग्रॅमचा. तो ३० × २५ × १० च्या सुंदर खोक्यात घातला की गुणाकार ७५००, म्हणजे दीड किलोचं भाडं. तोच स्टोल बटर पेपरमध्ये गुंडाळून, झिपच्या पिशवीत घालून, ३० × २२ × ४ च्या कुरियर बॅगेत बसवला तर अर्ध्या किलोच्या जरासा वर जातो, आणि हाताने दाबून जाडी साडेतीनवर आणली की अर्ध्या किलोच्या स्लॅबमध्ये येतो. काउंटरवरचा मुलगा मला म्हणाला होता, "मॅडम, तुमचा माल हलकाच आहे, डब्बाच मोठा होऊन राहिला ना." मी दोन्ही प्रकारे पाठवून पाहिलं आहे. कोसा चुरगळत नाही असं नाही, पण इस्त्रीने सुधारतो. दीड किलोचं भाडं कशानेच सुधारत नाही.

या भाड्यावर इंधन अधिभार, पत्ता आडबाजूचा असेल तर त्याचा वेगळा आकार आणि सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. फोनवर सांगितलेला दर आणि बिलावरचा दर यांत फरक पडतो तो इथे. म्हणून दर विचारताना "सगळं धरून किती" एवढंच विचारायचं आणि उत्तर लेखी घ्यायचं. हलक्या पार्सलसाठी पोस्टाचं इंटरनॅशनल ट्रॅक्ड पॅकेट मला जास्त पटतं, कारण तिथे भाडं प्रत्यक्ष वजनावर आहे. वेळ जास्त लागतो, ट्रॅकिंगमध्ये मध्येच काही दिवस काहीच हलत नाही, पण स्टोलसारख्या वस्तूचं गणित तिथेच बसतं. टपाल खात्याने २०२२ पासून डाक घर निर्यात केंद्रं सुरू केली, त्यामुळे निर्यातीचं बिल (कस्टमसाठीची मालाची घोषणा) घरबसल्या ऑनलाइन भरता येतं, लेबल घरीच छापता येतं आणि पार्सल फक्त नेऊन द्यायचं उरतं. छोट्या विक्रेत्यासाठी ही सोय फार मोलाची आहे. करवती साडीसाठी मात्र मी खासगी कुरियरच घेते. किंमत मोठी असते आणि ग्राहकाला रोज पार्सल कुठे आहे ते पाहायचं असतं.

आता अमेरिका. माझे निम्म्याहून जास्त ग्राहक तिथले होते. २०१६ पासून ८०० डॉलरपर्यंतच्या मालावर तिथे ड्युटी लागत नसे, आणि आपल्यासारख्यांचा सगळा धंदा त्या एका सवलतीवर उभा होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सगळं एकाच आठवड्यात फिरलं. २५ तारखेपासून टपाल खात्याने अमेरिकेचं बहुतेक बुकिंग थांबवलं, २७ ला, गणेश चतुर्थीच्या दिवशी, भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लागू झालं आणि २९ ला ती ८०० डॉलरची सवलत सगळ्या देशांसाठी बंद झाली. इकडे दिवाळीच्या ऑर्डरी घेतलेल्या, माल विणून तयार, आणि पोस्टाची वाट बंद. १५ ऑक्टोबरला ती पुन्हा सुरू झाली, पण नव्या पद्धतीने : तेव्हाच्या दराने जाहीर किमतीच्या ५० टक्के ड्युटी बुकिंगच्या वेळीच इथे भरायची. २८०० रुपयांच्या स्टोलवर तेव्हा १४०० रुपये ड्युटी होती, भाडं वेगळं.

एवढा बोजा असूनही ती आधी भरायची पद्धत मला आवडली. कारण त्याच्या अगोदरच्या काळात काय झालं ते सांगते. खासगी कुरियरने गेलेली एक करवती साडी सप्टेंबरमध्ये तिकडे पोचली. कुरियर कंपनीने ड्युटी स्वतः भरली आणि ती रक्कम, वर "तुमच्या वतीने भरली" म्हणून स्वतःची फी, असं बिल ग्राहक बाईंना पाठवलं. बाई चिडल्या, आणि त्यांच्या जागी मीही चिडले असते. साडीचे पैसे दिल्यावर दारात आणखी एवढे पैसे कुणी मागेल असं त्यांना कुणीच सांगितलेलं नव्हतं. ऑर्डर आली तेव्हा तो नियम अस्तित्वातच नव्हता, त्यामुळे मीही सांगू शकत नव्हते. त्यांनी पार्सल नाकारलं. कराराच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की घेणाऱ्याने नाकारलं तर सगळा खर्च पाठवणाऱ्याचा. ड्युटी, फी आणि परतीचं भाडं माझ्या नावावर आलं. त्यातच बाईंनी संकेतस्थळावर "माल मिळाला नाही" अशी केस टाकली. ट्रॅकिंगवर "पोचलं" असं दिसत नव्हतं, म्हणून निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि पूर्ण रक्कम माझ्या खात्यातून वळती झाली. तो निकाल मला अन्यायाचा वाटला आणि आजही वाटतो. कागदोपत्री सगळं बरोबर पाठवणाऱ्या माणसाने दोन्हीकडचं नुकसान सोसायचं, ही पद्धत मोठ्या कंपनीला चालत असेल, घरातून धंदा करणाऱ्या बाईला चालत नाही.

एक गोष्ट हाताशी होती. साडी परत आली तेव्हा मुंबईत कस्टमने कागद मागितले. आपलाच माल परत येत असेल तर मूळ निर्यातीचं बिल दाखवून ड्युटीतून सूट मिळते. ते बिल, पावती आणि पाठवण्याआधीचे फोटो एका फोल्डरमध्ये होते म्हणून प्रकरण तिथेच मिटलं. प्रत्येक पार्सलचं असं फोल्डर ठेवा.

युरोप-ब्रिटनमध्ये चित्र बरं आहे. ब्रिटनमध्ये १३५ पाउंडपर्यंतच्या मालावरचा व्हॅट संकेतस्थळ विक्रीच्या वेळीच ग्राहकाकडून घेतं, युरोपीय संघात १५० युरोपर्यंत तशी सोय आहे, ऑस्ट्रेलियात १००० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत जीएसटीचं तसंच. ग्राहकाला एकूण आकडा पहिल्याच पानावर दिसतो, म्हणून तिथून भांडणं जवळजवळ येत नाहीत. युरोपला पाठवताना संकेतस्थळाने दिलेला आयओएसएस नंबर (व्हॅट आधीच घेतल्याची खूण) पार्सलच्या ऑनलाइन माहितीत भरायला विसरू नका. तो नसेल तर तिकडचं पोस्ट पुन्हा व्हॅट मागतं, आणि दोनदा कर भरलेला ग्राहक तुमचं काहीही ऐकून घेत नाही.

ग्राहकांचं आता थोडं मोकळेपणाने. कोसा हा जंगलातल्या ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवरच्या कोशांचा धागा. तो तुतीच्या रेशमासारखा एकसारखा नसतो. मधूनमधून जाड येतो, बारीक गाठी दिसतात, रंग मधासारखा ते फिकट मातकट असा प्रत्येक लडीला वेगळा. करवतीचे दात तीन धोटे चालवून हाताने विणलेले असतात, तेही मशीनसारखे मोजून-मापून बसत नाहीत. यातली प्रत्येक गोष्ट परदेशी ग्राहकाच्या तक्रारीत "दोष" म्हणून येते. वर्णनाप्रमाणे माल नाही अशी केस पडली की परतीचं भाडं विक्रेत्याच्या माथी बसतं, आणि भारतात परत मागवायचं भाडं स्टोलच्या किमतीपेक्षा जास्त होतं. हे काही ग्राहकांना चांगलं माहीत असतं. मग मेसेज येतो : "परत पाठवत नाही, पण अर्धे पैसे द्या." माल आवडला आहे, ठेवायचाही आहे, फक्त स्वस्तात हवा आहे. अशांना मी पैसे देत नाही. माल परत पाठवा, पोचला की पूर्ण पैसे देते, असं लिहिते. बहुतेक वेळा पुढे उत्तर येत नाही. ज्यांची तक्रार खरी असते ते फोटो पाठवतात, नीट बोलतात, आणि त्यांनी विचारायच्या आधीच मी तोडगा सुचवते.

पावसाळ्यातली वासाची तक्रार मात्र खरी होती. कोशाला स्वतःचा थोडा वास असतोच. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तो झिपच्या पिशवीत बंद करून दोन आठवडे विमान-गोदामात फिरवला की उघडताना कुबट भपका येतो. आता पावसाळ्यात प्रत्येक कापड सावलीत पंख्याखाली अर्धा दिवस पसरून ठेवते, पिशवीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकते, आणि वर्णनात लिहिते की घडी मोडून एक दिवस हवेवर ठेवा. गाठींचंही तसंच. आता पहिलाच फोटो गाठीचा जवळून काढलेला असतो, खिडकीच्या उजेडात, फिल्टर न लावता. विक्री थोडी कमी झाली असेल, केसेस नक्कीच कमी झाल्या.

आणखी एक मागणी फार येते, आणि सांगायला वाईट वाटतं, आपल्याच माणसांकडून जास्त येते. "ताई, गिफ्ट लिहा ना पार्सलवर." किंवा "किंमत वीस डॉलरच टाका, आम्ही तुम्हाला पूर्ण देतोच." हे मी करत नाही. विकलेल्या मालाला भेट म्हणणं ही खोटी घोषणा आहे, पकडलं तर नाव माझं आणि आयईसी (आयात-निर्यातीचा सरकारी नोंदणी क्रमांक) माझा. शिवाय पार्सल हरवलं तर भरपाई जाहीर किमतीवरच मिळते. ग्राहक नाराज होऊन गेला तर गेला.

ग्राहकाने वाईट शेरा दिला किंवा वाद घातला तर विक्रेत्याच्या हातात मात्र उत्तर द्यायला फारसं काही नसतं. ईबेवर तर २००८ पासून विक्रेत्याला ग्राहकाबद्दल वाईट शेरा देताच येत नाही. पेपाल या पैसे भरायच्या सेवेवर ग्राहक १८० दिवसांपर्यंत वाद उभा करू शकतो, म्हणजे संक्रांतीला पाठवलेल्या मालाचा वाद आषाढात येऊ शकतो. हे नियम कुणी बदलेल याची वाट पाहण्यात अर्थ नाही, पण विक्रेत्यांनी संकेतस्थळांकडे एक मागणी लावून धरायला हवी : ड्युटी न भरता नाकारलेल्या पार्सलला "मिळालं नाही" म्हणू नका.

सध्या मी भाडं किमतीत धरूनच लावते. संकेतस्थळाची फी तशीही भाड्यासकट एकूण रकमेवर कापली जाते, त्यामुळे वेगळं दाखवून काही वाचत नाही, आणि ग्राहकाला शेवटच्या पानावर धक्का बसत नाही. अमेरिकेला पाठवायचं तर ड्युटी भरूनच पाठवते आणि बुकिंगच्या दिवशी काउंटरवर त्या दिवसाचा दर विचारते, कारण तिकडचे दर कधी बदलतील याचा भरवसा नाही.

नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी कागदांचं थोडक्यात : आयईसी डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) साइटवर ५०० रुपयांत निघतो आणि काही बदल नसला तरी दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अद्ययावत करावा लागतो, नाही केला तर तो बंद पडतो. आयजीएसटी (निर्यातीवरही लागणारा जीएसटी) न भरता माल पाठवायचा असेल तर एलयूटी, म्हणजे तसं हमीपत्र, दर आर्थिक वर्षाला नव्याने भरा. रेशमी स्टोलचा एचएसएन (मालाच्या वर्गाचा कोड) ६२१४१० आहे. "लेडीज क्लॉथ" असं मोघम लिहिलं की पार्सल कस्टममध्ये अडकतं. सीएकडे फक्त जीएसटीचं काम द्या, बाकी स्वतः शिका.

स्टोल आणि दुपट्टे मी सगळीकडे पाठवते. साड्या अमेरिकेच्या यादीतून काढल्या आहेत, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियासाठी ठेवल्या आहेत, आणि आंधळगावला यंदाची ऑर्डर त्याच हिशोबाने दिली आहे : साड्या कमी, स्टोल जास्त.