गुगल पेटंट्स: जुन्या पेंटबॉल गनची कुंडली काढायला कितपत कामाचं?

गुगल पेटंट्स ही पेटंटं शोधून वाचायची गुगलची साइट. फुकट आहे, लॉगिन लागत नाही, मोबाइलवर पण चालते, त्यामुळे पैसे वाया गेले असं तर कोणी म्हणूच शकत नाही. पण मी ती ज्या कामाला लावतो ते काम जरा येडपट आहे. ८० च्या दशकातल्या आणि त्याच्याही आधीच्या पेंटबॉल गन (रंग भरलेल्या गोळ्या झाडणाऱ्या) कोणी बनवल्या, कधी बनवल्या, कुठली आधीची कुठली नंतरची, हे खणून काढायचं. अमेरिकेत या गन जमवणारे बरेच आहेत आणि विकणारा बिनधास्त "रेअर, अर्ली प्रॉडक्शन" लिहून मोकळा होतो, कशावरून अर्ली ते विचारलं की गप्प. इतर कामांसाठी साइट कशी आहे ते बाकीच्यांनी लिहावं, मी फक्त या छंदापुरतं लिहितोय.

उदाहरण म्हणून सगळ्यांची आजी घेऊ, नेलस्पॉट ००७. मिशिगनमधल्या आयर्न माउंटनची नेल्सन पेंट कंपनी, धंदा काय तर जंगलात तोडायच्या झाडांवर खुणा करायचा रंग. लांबूनच खूण करता यावी म्हणून जिलेटिनच्या गोळीत रंग भरायची आयडिया आली, गोळ्यांसाठी आर. पी. शेरर ही औषधाच्या सॉफ्ट कॅप्सूल बनवणारी कंपनी धरली (म्हणजे पेंटबॉल आणि कॉड लिव्हर ऑइलची गोळी एकाच खानदानातल्या, हे मला अजूनही भारी वाटतं), आणि गनसाठी आधी क्रॉसमन या एअरगनवाल्या कंपनीकडे गेले. त्यांनी ७०७ काढली, ती काही चालली नाही, मग डेझी या दुसऱ्या एअरगनवाल्या कंपनीकडे गेले आणि डेझीने ००७ बनवली. हे ७०७ आणि ००७ इतकं सारखं दिसतं की विक्रीच्या जाहिरातींमध्ये दोघींची सरमिसळ होते, बनवणारे मात्र दोन वेगळे आणि डिझाइनही वेगळं.

आता साइटवर या. डेझी टाकून शोधलं तर ००७ चं पेटंट हाताला लागायचं नाही. पेटंट आहे नंबर ३७८८२९८, संशोधक जेम्स हेल, डेझीचा माणूस, पण मालक म्हणून नाव आहे व्हिक्टर कॉम्प्टोमीटर कॉर्पोरेशन. ही शिकागोची हिशोबाची मशिनं बनवणारी कंपनी, तिने साठच्या दशकात डेझी विकत घेतली होती, त्यामुळे कागदोपत्री सगळं तिच्या नावावर. आणि टायटल काय, तर "कॉम्प्रेस्ड गॅस गन विथ ट्रिगर ऑपरेटेड हॅमर रिलीज लॅचिंग स्ट्रक्चर". यात पेंट नाही, बॉल नाही, झाड नाही, गाय पण नाही (गुरांवर खुणा करायला पण हीच गन वापरायचे). कलेक्टर लोक या आतल्या रचनेला आजही "नेल्सन टाइप" म्हणतात, म्हणजे डोकं हेलचं, पगार डेझीचा, पेटंट व्हिक्टरचं आणि नाव झालं नेल्सनचं!

पण एकदा पान सापडलं की मात्र मजा आहे. ड्रॉइंग अप्रतिम, झूम करून बघा, बोल्ट, स्प्रिंग, हॅमर, व्हॉल्व्ह सगळं एका नळीत एका रेषेत मांडलंय आणि गॅस हॅमरच्या मधल्या नळीतून पुढे जातो, हातातल्या गनचे पार्ट मूळचे आहेत की नंतर कोणी बदललेत हे ताडून बघायला याच्याइतकं चांगलं काही नाही. शिवाय अमेरिकन पेटंट ऑफिसच्या स्वतःच्या जुन्या सर्चमध्ये १९७६ च्या आधीच्या पेटंटांचा मजकूर शब्दाने शोधता यायचा नाही, नंबर नाहीतर वर्ग (वस्तूच्या प्रकाराचा कोड) माहीत असेल तरच, गुगलने स्कॅन वाचून मजकूर केला म्हणून ही सोय झाली. वाचणारं मशीनच, त्यामुळे जुन्या छपाईतली अक्षरं कुठेकुठे भलतीच होतात, नावं शोधताना तेवढं लक्षात ठेवा. या जुन्या पेटंटांवर संशोधकाचं पूर्ण नाव पण येत नाही, नुसतं "जे हेल" असं असतं.

आता तारखा, आणि इथेच लोक गंडतात. हेलचा अर्ज १९ जून १९७२, मंजुरी २९ जानेवारी १९७४. पहिला पेंटबॉलचा गेम (एकमेकांना रंगाच्या गोळ्या मारत झेंडे गोळा करायचे) झाला २७ जून १९८१ ला, न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकरला, १२ जण खेळले आणि जिंकला कोण तर रिची व्हाइट, व्यवसायाने फॉरेस्टर, त्याने म्हणे एक पण गोळी न झाडता सगळे झेंडे आणले. म्हणजे गनचं डिझाइन गेमपेक्षा जवळपास दहा वर्षांनी म्हातारं. मग "१९८१ ची ओरिजिनल नेलस्पॉट" या वाक्याला अर्थ काय उरतो सांगा, ती ७० च्या दशकात फॉरेस्टवाल्याने घेतलेली असू शकते किंवा ८३ ला खेळायला म्हणून विकलेली, पेटंट बघून यातलं काहीच ठरत नाही.

उलट्या बाजूचं उदाहरण टिपमनचं. डेनिस टिपमन, फोर्ट वेन, इंडियाना, आधी मशीनगनच्या छोट्या चालत्या प्रतिकृती बनवायचा, मग कायदा कडक झाल्यावर पेंटबॉलकडे वळला आणि एसएमजी-६० काढली, .६२ कॅलिबर (गोळीची जाडी, इंचात), गोळ्या क्लिपमधून भरायच्या, आणि बाकीचे एकेक गोळीला पंप मारत असताना ही फुल ऑटो, ट्रिगर दाबून धरला की गोळ्या सुटत राहणार! तिचं पेटंट "ऑटोमॅटिक फीड मार्किंग पेलेट गन", नंबर ४८१९६०९, मंजूर झालं एप्रिल १९८९ ला. तोवर एसएमजी-६० मागे पडून .६८ वाली एसएमजी-६८ येऊन गेलेली. नुसती मंजुरीची तारीख वाचून कोणी "१९८९ चं मॉडेल" लिहिलं तर पार चुकलं.

त्यामुळे पेटंटचा खरा उपयोग कुंपणासारखा. गनवर पेटंटचा नंबर कोरलेला असेल तर ते कोरकाम मंजुरीच्या नंतरचं. "पॅट. पेंडिंग" असेल तर अंदाजे अर्ज आणि मंजुरी यांच्या मधलं, अंदाजे अशासाठी की साचा बदलायला पैसे लागतात आणि कारखाने जुना साचा मंजुरीनंतरही रेटतात. किती बनवल्या, कुठल्या लॉटमध्ये ग्रिप बदलली, कधी बंद केल्या, याचं एक अक्षर तिथे मिळायचं नाही, पेटंटचं ते कामच नाही. ज्या गनचं पेटंटच घेतलं नाही तिच्याबद्दल तर साइट ठार मुकी, आणि त्या काळात मशीन शॉपमध्ये बसून दुसऱ्याच्या डिझाइनवर हात मारणारे कमी नव्हते.

ती माहिती जुन्या जाहिराती, किमतीची पत्रकं आणि गनसोबतच्या पुस्तिकांमध्ये. अॅक्शन पर्सूट गेम्स हे पेंटबॉलचं मासिक १९८७ ला सुरू झालं, त्यामुळे तिथून पुढचं जरा सोपं जातं, १९८१ ते ८६ चा पट्टा खरा डोकेदुखीचा आणि नेमक्या त्याच काळातल्या गनला जास्त भाव. तिथे पेटंट थोडी लाज राखतात, उदाहरणार्थ स्प्लॅटमास्टरवाल्या रॉबर्ट शेफर्डचं १९८५ चं पेटंट, प्लास्टिकची गन खास खेळासाठी म्हणून कधीपासून डोक्यात होती ते अर्जाच्या तारखेवरून कळतं.

वापरणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. शब्दाने शोधू नका, वर्गाने शोधा, एफ४१बी ११ हा हवेच्या आणि गॅसच्या बंदुकांचा वर्ग, त्यात साल १९७० ते १९९० लावा आणि ड्रॉइंग बघत खाली जा. आणि एक पेटंट मिळालं की "सायटेड बाय" (त्याचा उल्लेख करणाऱ्या नंतरच्या पेटंटांची यादी) उघडा, नंतरच्या पेंटबॉल पेटंटांमध्ये हेल, शेफर्ड, टिपमन हीच नावं फिरून फिरून येतात आणि त्यांच्या आजूबाजूला विसरलेल्या मंडळींची नावं दिसतात, खरा खजिना तिथे आहे.

५ पैकी ४ स्टार. पुण्यात बसून आयर्न माउंटन आणि फोर्ट वेनचे कागद वाचता येतात याचे ४, पाचवा उत्पादनाचे आकडे कुठे मिळाले तर त्या जागेला देईन. आणि हो, टिपमनच्या स्पेलिंगला दोन पी आणि शेवटी दोन एन, नाहीतर भलत्याच टिपमनची पेटंट वाचत बसाल.