तीन लाँग वीकेंड आणि हवामानाचं एक पान: ओरेगॉनच्या हाय डेझर्टमधला वापरानंतरचा अनुभव

मे ते सप्टेंबर या काळात आम्ही तीनदा आग्नेय ओरेगॉनच्या वाळवंटात तंबू ठोकला. मेमोरियल डे (मेअखेरची सुट्टी), चार जुलै (अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन) आणि लेबर डे (सप्टेंबरच्या सुरुवातीची सुट्टी). राहतो शेजारच्या आयडाहो राज्यात, बॉइझीला. तिथून बर्न्स हे गाव साधारण तीनशे किलोमीटर, आणि खरं वाळवंट त्याच्याही पुढे. कुठे जायचं, जायचं का, पांघरुणं किती घ्यायची, हे पहिल्या वेळची चूक सोडली तर नॅशनल वेदर सर्व्हिसच्या, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी हवामान खात्याच्या, वेबसाइटवर बघून ठरलं. फुकट आहे, जाहिरात एकही नाही, आणि दिसायला अगदी जुन्या सरकारी पानासारखं. दिसण्यावर जाऊ नका.

वाळवंट म्हटलं की आपल्याला राजस्थान आठवतो. हे तसं नाही. बर्न्स आणि हे वाळवंट ज्या हार्नी काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा) येतं, तिचा सखल भागच बाराशे-तेराशे मीटर उंचीवर आहे. पुणे आणि सातारा हे दोन जिल्हे जोडले तर जेवढा होईल साधारण तेवढा तिचा विस्तार, आणि त्यात 2020च्या जनगणनेनुसार माणसं साडेसात हजार. आमच्या दहिवडीच्या बाजारात एवढी गर्दी सहज होते. मी माणचा, त्यामुळे पर्जन्यछाया, म्हणजे डोंगराने ढग अडवल्याने पलीकडे पडणारा दुष्काळ, म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि आमच्याकडे पाचशेच्या आतबाहेर, हे बघतच मोठा झालो. इथे तेच काम आधी कॅस्केड पर्वतरांग करते, आणि त्यातून निसटलेलं 2,967 मीटर उंचीचा स्टीन्स डोंगर अडवतो. त्याच्या पूर्वेला, जवळजवळ पावणेदोन हजार मीटर खाली, अल्व्हर्डचं सपाट पांढरं मैदान. वर्षाचा पाऊस 180 मिलिमीटरच्या घरात.

अशा मुलखात गावाचं नाव टाकून हवामान बघणं म्हणजे महाबळेश्वरचा अंदाज बघून म्हसवडला छत्री नेणं. ते आम्ही पहिल्याच वेळी केलं.

मेमोरियल डेला फोनमधल्या एका ॲपवर (नाव घेत नाही, तुमच्याही फोनमध्ये असेल) 24 अंश आणि हसरा सूर्य होता. आम्ही उतरलो फ्रेंचग्लेनजवळ, पक्षी बघायला. तिथलं मॅलहूर अभयारण्य 1908 सालचं आहे आणि मे महिन्यात तिथे पक्ष्यांची नुसती जत्रा असते. रात्री बाटलीतल्या पाण्यावर बर्फाची पापुद्री धरली. धाकटीला माझ्या जॅकेटमध्ये घालून मी गाडीत हीटर लावून बसलो. सकाळी नीट बघितलं तेव्हा कळलं, ॲपवर वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘बर्न्स’ लिहिलं होतं. म्हणजे शंभर किलोमीटर उत्तरेचं हवामान बघून आम्ही कपडे भरले होते, आणि त्यातही फक्त दुपारचा आकडा बघून. स्टीन्सवर जाणाऱ्या रस्त्याचं फाटक बर्फामुळे बंद होतं, हे वेगळं.

त्यानंतर वेदर सर्व्हिसच्या पानावर नकाशात बोट ठेवायला शिकलो. या पानाची खरी गंमत तीच. गावाचं नाव द्यायची गरज नाही. नकाशावर जिथे क्लिक कराल त्या अडीच किलोमीटरच्या चौकोनाचा सात दिवसांचा अंदाज येतो, आणि शेजारी त्या चौकोनाची उंची फुटांत लिहिलेली असते. ही उंची आधी वाचा, मग बाकीचं. लेबर डेला फ्रेंचग्लेनवर क्लिक केलं तर दुपारी 29 अंश, आणि तिथून डोंगरावरच्या फिश लेकवर क्लिक केलं तर 20. दोन्हींत हजार मीटरच्या आसपास फरक. कोरडी हवा वर चढताना किलोमीटरमागे जवळपास दहा अंशांनी थंड होते, हा शाळेतला धडा मला तिथे पहिल्यांदा कामाला आला.

चित्रांकडे मी आता बघतच नाही. बघतो तासागणिक ग्राफ. त्यात तापमानाची लाल रेघ असते आणि दवबिंदूची (हवा किती अंशांपर्यंत गार झाली की दव पडेल त्याची) हिरवी. या दोन रेघा एकमेकींपासून जितक्या लांब तितकी हवा कोरडी, आणि आभाळ निरभ्र असेल तर रात्र तितकी गार. माझी आई सहा महिन्यांसाठी आली होती. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण दोन मुक्कामांत ती हा ग्राफ वाचायला लागली. तिच्या गुडघ्यांना थंडी सोसत नाही, त्यामुळे तिला फक्त लाल रेघेची सगळ्यात खालची जागा हवी असायची. “तांबडी कुठवर उतरलीय बघ रे,” म्हणायची, आणि त्यावरून गोधडी एक की दोन हे ठरायचं. तिचा हिशेब एकदाही चुकला नाही.

चुकला माझा. चार जुलैचा प्रसंग जरा सविस्तर सांगतो, कारण या भागात जाणाऱ्याने तो ऐकायलाच हवा.

अल्व्हर्डच्या मैदानावर तंबू लावायला परवानगी आहे. जमीन कोरडी असेल तर गाडी थेट मैदानात नेता येते, ओली असेल तर चुकूनही नेऊ नका, चाकं रुततात. पानावर लिहिलं होतं: दुपारी चारनंतर गडगडाट, पावसाची शक्यता 20 टक्के. बायको म्हणाली, “वीसच ना?” मीही तसाच विचार केला. वीस टक्के म्हणजे पाचातून एकदा, आणि तो एकदा कुणाच्या तरी वाट्याला येतोच. पण खरा मुद्दा पावसाचा नव्हताच. त्याच पानावर खाली ‘फोरकास्ट डिस्कशन’ नावाचा दुवा असतो. ते हवामानतज्ज्ञांनी स्वतः लिहिलेलं टिपण, दिवसातून निदान दोनदा नवं येतं. 2016पर्यंत ते सगळं इंग्रजी मोठ्या अक्षरांत यायचं, टेलिप्रिंटरच्या काळातली सवय. वाचताना कुणी ओरडतंय असं वाटायचं म्हणे. गुरुवारी संध्याकाळी मी ते वाचलं होतं. ढगांचा तळ उंच राहील, पाऊस थोडा आणि वारा जोरात, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. वाचलं आणि विसरलो.

दुसरा घोळ घड्याळाचा. बॉइझी माउंटन वेळेवर चालतं, हार्नी काउंटी पॅसिफिकवर, एक तास मागे. पान त्या जागेची वेळ दाखवतं आणि माझ्या मनगटावर बॉइझी. माझ्या घड्याळात पाच वाजून गेले तेव्हा मी म्हटलं, चारची वेळ टळली, आता काही येत नाही. अल्व्हर्डला तेव्हा नुकते चार वाजत होते.

आई घडीच्या खुर्चीत बसून दशम्यांचा डबा उघडत होती. स्टीन्सच्या माथ्यावर ढग जमले होते, त्यांच्या पोटातून करड्या झालरी लोंबत होत्या, पण एकही जमिनीला टेकत नव्हती. पाऊस पडत होता, वाटेतच सुकत होता. मला ते बघायला मजा वाटली. वास्तविक तिथेच सावध व्हायला हवं होतं. कोरड्या हवेत पाऊस सुकतो तेव्हा ती हवा गार आणि जड होते, धाडकन खाली येते आणि जमिनीला आपटून चारी दिशांना पसरते. पश्चिमेला मैदानाच्या कडेवर एक पिवळट भिंत उभी राहिलेली दिसली. ती भिंत आहे हे कळेपर्यंत ती आमच्यावर आली.

तंबूच्या चारही खुंट्या एकदम उपटल्या गेल्या. तंबू लोळत गेला आणि शंभरेक पावलांवर दुसऱ्या एका कुटुंबाच्या जीपला अडकला. म्हणून सापडला, नाहीतर समोर दहा किलोमीटर अडायला काही नाही. आईला मी खुर्चीसकट धरून गाडीच्या आडोशाला नेलं. तिने पदर तोंडावर घेतला होता आणि डबा मात्र पोटाशी घट्ट. पंधरा मिनिटांनी सगळं शांत. पाऊस म्हणाल तर काचेवरचे थेंब मोजता आले असते. शेंगदाण्याच्या चटणीत फुफाटा गेला होता, ती टाकून द्यावी लागली. आता तंबूचे दोर आम्ही गाडीच्या चाकांना बांधतो, आभाळ निळंशार असलं तरी.

म्हणून या मुलखात टक्क्यांचा आकडा मी सगळ्यात शेवटी बघतो. आधी झोतांचा वेग, मग टिपण. आणि ‘रेड फ्लॅग वॉर्निंग’, म्हणजे वणवा भडकण्याचा इशारा, असेल तर जातच नाही. वारा, कोरडी हवा आणि कोरड्या (पावसाविना पडणाऱ्या) विजा यांतलं काहीतरी जुळून आलं की ती लावतात. 2024मध्ये ओरेगॉनात सुमारे 19 लाख एकर जळालं, त्यातला मोठा वाटा याच पूर्वेकडच्या गवताळ, सेजब्रश नावाच्या झुडपांच्या रानाचा होता.

धुराच्या बाबतीत मात्र हे पान पुरत नाही, आणि त्यात त्याचा दोष धरता येत नाही. सोमवारी बघितलेल्या अंदाजात शनिवारी कुठे आग लागणार हे कसं असेल? लेबर डेला मी एअरनाऊ या हवेच्या प्रदूषणाच्या सरकारी वेबसाइटचा आग-धुराचा नकाशा जोडीला ठेवला, आणि शुक्रवारऐवजी शनिवारी पहाटे निघालो. फिश लेकला हवा स्वच्छ मिळाली. खाली दरीत दिवसभर दुधात हळद घातल्यासारखा रंग होता.

रडारचंही तसंच. बॉइझीचं रडार बर्न्सपासून दोनशे किलोमीटरहून लांब आहे. एवढ्या अंतरावर पृथ्वीच्या गोलाईमुळे त्याची तिरीप जमिनीपासून बरीच वरून जाते, आणि खाली काय चाललंय ते नीट दिसत नाही. रडारवर काही नाही म्हणून निर्धास्त राहू नका. तशीही बर्न्स सोडलं की आमच्या फोनची रेंज जाते, त्यामुळे जे काही बघायचं ते बर्न्सला पेट्रोल भरताना शेवटचं बघून स्क्रीनशॉट काढायचा.

पाचपैकी साडेचार देईन. अर्धा गुण कापला तो फॅरनहाइट आणि मैलांसाठी. मेट्रिकचा दुवा आहे, पण तो सापडायला मला ऑगस्ट उजाडला.

आई ऑक्टोबरमध्ये परत गेली. आता आठवड्यातून एकदा फोन येतो: “दहिवडीवर बोट ठेव आणि तांबडी रेघ सांग.” ते पान अमेरिकेबाहेर चालत नाही, हे तिला अजून पटलेलं नाही.