ईस्ट कोस्ट पार्क, सिंगापूर: पोहायला नव्हे, सायकल हाणायला

घर जवळच असल्याने गेले बरेच महिने आमचे शनिवार-रविवार इथेच जातात. तारकर्लीचा समुद्र डोक्यात ठेवून आलात तर हिरमोड होईल. ही सगळी जमीन 1966 पासून समुद्रात भराव घालून काढलेली, त्यात किनाऱ्यापुढे दगडी बांध, त्यामुळे लाट म्हणावी अशी येतच नाही. पाणी कोमट, गढूळ, आणि समोर नांगर टाकलेली जहाजंच जहाजं. जून 2024 मध्ये जहाजांच्या टकरीत सांडलेलं तेल इथवर पोचलं होतं. आता वाळू स्वच्छ आहे, पोरं तासन्‌तास खणत बसतात. पाण्यात शिरायला मात्र मला अजून हुरूप येत नाही.

खरी मजा ट्रॅकवर. पार्क साधारण 15 किलोमीटर लांब, डोक्यावर बदाम, सुरू, नारळ. सकाळी लवकर निघालात तर सावली आणि वारा दोन्ही मिळतं. रविवारी संध्याकाळी नुसती घंटी वाजवत बसावं लागतं. भाड्याची सायकल घेताना आधी ब्रेक दाबून बघा. मला एकदा अशी मिळाली की मागचा ब्रेक नुसता किंचाळायचा, सायकल थांबायचं नाव नाही. परत नेली, तर तुमचा तास सुरू झालाय म्हणून दुकानदार बदलून देईना.

लहान मुलं असतील तर कोस्टल प्लेग्रोव्हला न्या. उंच मनोरा, घसरगुंड्या, पाण्यातले खेळ, सगळं फुकट. कपड्यांचा जादा जोड लागतोच.

बार्बेक्यूची जागा आधी ऑनलाइन बुक करावी लागते, कोळसा आपला न्यायचा. आम्ही कणसं भाजतो आणि वांगी थेट निखाऱ्यावर टाकतो. साल काळी ठिक्कर पडली की सोलायचं, कांदा-कोथिंबीर घालून भरीत तिथेच. (शेजारच्या टेबलावरचे सॉसेजवाले वास घेत डोकावतात.) स्वयंपाक नको असेल तर लगून फूड व्हिलेज आहे: साते (काडीला लावून भाजलेले मांसाचे तुकडे), संबल म्हणजे मिरचीची चटणी लावून भाजलेला पाकट मासा आणि चक्क उसाचा रस. शाकाहारी मंडळींनी डबा न्यावा हे बरं. टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं की जागा धरलेली समजायची, आणि उठताना ट्रे स्वतः जागेवर ठेवायचा, नाहीतर दंड होऊ शकतो.

पूर्वी बसनेच यावं लागे. जून 2024 पासून मरीन परेड, सिगलॅप ही मेट्रो स्टेशनं सुरू झालीत. तिथून हायवेखालच्या भुयारी वाटेने चालत पोचता येतं, फक्त दुपारी बारा ते चार टाळा.