मॅन्युअल गिअर की एएमटी: ट्रक ड्रायव्हरच्या गुडघ्याचा आणि कंबरेचा प्रश्न

भिवंडीच्या कोंडीत ट्रक दर दहा-वीस फुटांवर थांबतो. मॅन्युअल गाडीत तितक्या वेळा क्लच दाबायचा, आणि तो भार डावा गुडघा, खुबा आणि कंबर यांच्यावर येतो. क्लच बूस्टर हवेच्या जोरावर पेडल हलकं ठेवतो, पण त्याचं सील गळू लागलं की पेडल दगडासारखं होतं. मग ड्रायव्हर सीटवरून अर्धवट उठून, पाठ टेकवून जोर लावतो. कंबर धरते ती इथेच. ट्रकच्या एअर टँकमध्ये हवा पूर्ण भरलेली असताना पेडल जड लागलं तर आधी बूस्टर आणि क्लच फोर्कचं (क्लच सोडवणाऱ्या काट्याचं) ग्रीस तपासा. सीट अशी लावा की पेडल तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील.

एएमटीत (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन, म्हणजे गिअर आपोआप बदलणारी गाडी) क्लच असतो, फक्त पेडल नसतं. क्लचचं काम यंत्रणा करते. डावा पाय मोकळा. मात्र तासन्‌तास बसणं आणि हादरे तेवढेच राहतात. चढावर एक्सलेटरवर गाडी धरून ठेवू नका, क्लच प्लेट जळते, ब्रेकच लावा. कसारा घाट उतरताना मॅन्युअल मोडवर खालचा गिअर आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून वेग कमी करणारा) हवा. बिघाड झाला तर तो शोधायला स्कॅनर (गाडीला जोडून दोष दाखवणारं यंत्र) लागतो, रस्त्याकडेच्या गॅरेजात तो सहसा मिळत नाही.

शहरातल्या फेऱ्या आणि टिपरच्या कामाला एएमटीच घ्यावी, जास्तीचे पैसे ड्रायव्हरच्या तब्येतीसाठी आहेत. सरळ हायवेच्या लांब पल्ल्याला नीट राखलेला मॅन्युअल चालतो.