कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं) धनुष्य ट्यूनिंग करून घेतलं, बेळगावात, टिळकवाडीत

माझा बाण १८ मीटरला मस्त लागायचा पण ५० ला गेलं की सगळे डावीकडं, रोज साइट (नेम धरायचं साधन) सरकवायची आणि रोज तेच, शेवटी येळ्ळूरहून धनुष्य घेऊन या सर्व्हिसला गेलतो. दादांनी पहिल्यांदा साइटला हातच लावला नाही, मला नुसतं खेचायला लावलं आणि बघत उभे. ड्रॉ लेंथ, म्हणजे दोरी मागं खेचायचं अंतर, अर्धा इंच जास्त होती, म्हणून माझी मान मागं जायची आणि पीपमधून (दोरीतलं बघायचं भोक) स्कोप (साइटवरचं भिंग) रोज वेगळा दिसायचा. जिथनं घेतलं तिथं कुणी मापच घेतलं नव्हतं, याचा खरंच राग आला. मग ड्रॉ लेंथ कमी करायला कॅमचं (टोकाच्या चाकाचं) मॉड्यूल बदललं, कागदातनं बाण मारून फाटलेलं बघत रेस्ट (बाण टेकतो तो भाग) केसभर हलवली, आणि स्कोपमधला पातळी दाखवणारा बुडबुडा प्लंबला (ओळंब्याला) लावलेल्या दोरीशी जुळवला. तो चुकीचा बसवला होता, म्हणजे मी बुडबुडा मधे धरला की धनुष्य डावीकडं कलायचं! जवळ ते कळत नाही पण लांब गेलं की वाढत जातं, आणि ५० मीटरला दहा गुणांचं वर्तुळ फक्त ८ सेंटीमीटर, मग बाण आत कसा राहणार.

अडीच तास लागले, वेळ काढूनच जा, रविवारी गर्दी असते. राजहंसगडाच्या पायथ्याला वारं जोरात असतं तरी आता सहातले चार मधल्या पिवळ्यात बसतात. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ ला बर्लिनमध्ये कंपाउंडमध्येच जगज्जेती झाली, आपल्या भागातल्या पोरींनी धनुष्य घेतलं तर आधी इथं दाखवा.