असेसर, रेकॉर्डर की झिलो? अमेरिकेतल्या घराची नोंद नक्की कुठे बघायची

‘काउंटीच्या साइटवर बघ ना’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात; कुठल्या साइटवर, ते कोणी सांगत नाही. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, आणि तिथे घराच्या नोंदी सहसा एका खात्यात नसतातच. कराचं मूल्यांकन करणारा असेसर वेगळा, खरेदीखत नोंदवणारा रेकॉर्डर किंवा काउंटी क्लार्क वेगळा आणि कर गोळा करणारा बहुतेक ठिकाणी तिसराच. आपल्याकडच्या हिशोबाने असेसर म्हणजे पालिकेचं घरपट्टी खातं आणि रेकॉर्डर म्हणजे दुय्यम निबंधक. घरपट्टीच्या बिलावर नाव लागलं म्हणून मालकी सिद्ध होत नाही, तसंच इथंही.

कर जास्त लागलाय असं वाटत असेल तर असेसरची साइट उघडा. फुकट असते, पत्ता टाकला की काम होतं. तिथे कराच्या आकड्याआधी घराचं वर्णन वाचा: चौरस फूट, बाथरूम किती, बेसमेंट राहण्याजोगं केलेलं दाखवलंय का. वर्णन चुकलं असेल तर मूल्यांकनही चुकतं, आणि अशी चूक दाखवून देणं ‘आमच्या भागात भाव पडलेत’ असा वाद घालण्यापेक्षा कितीतरी सोपं. मग स्वतः राहत्या घरावरची करसवलत लागलीय का ते पाहा, कारण ती अर्ज केल्याशिवाय सहसा मिळत नाही. कॅलिफोर्नियात तिच्यामुळे मूल्यांकन फक्त ७,००० डॉलरने घटतं, म्हणजे वर्षाला साधारण ७० डॉलर वाचतात. टेक्ससमध्ये मात्र होमस्टेड सवलत विसरणं महागात पडतं: शाळेच्या करासाठी ती २०२३ मध्ये १ लाख डॉलर झाली आणि २०२५ मध्ये १ लाख ४० हजार. तिथे असेसरचं काम अप्रेझल डिस्ट्रिक्ट करतं आणि हरकतीची मुदत १५ मे किंवा नोटीस निघाल्यापासून ३० दिवस, यातली जी नंतरची असेल ती.

प्रश्न मालकीचा किंवा कर्जाचा असेल तर असेसरच्या साइटवर वेळ घालवू नका. कॅलिफोर्नियातल्या बऱ्याच काउंट्या तिथे मालकाचं नावही दाखवत नाहीत. थेट रेकॉर्डरकडे जा. ही साइट जुनाट असते आणि शोध बहुधा नावाने घ्यावा लागतो, पत्त्याने नाही. इथे मराठी माणसाची खरी परीक्षा. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पहिल्या नावाला जोडलेलं, त्यामुळे कर्जाच्या कागदावर एक रूप, खरेदीखतावर दुसरं. आधी आडनाव आणि पहिल्या नावाची दोन-तीन अक्षरंच टाकून बघा, मग स्पेलिंग बदलून.

नोंदी सापडल्या की तारखेच्या क्रमाने लावा. रिफायनान्स केलं असेल, म्हणजे नवं कर्ज काढून जुनं फेडलं असेल, तर जुन्या कर्जाच्या नोंदीला जोड म्हणून ते फिटल्याचा कागद दिसला पाहिजे. कॅलिफोर्नियात त्याला रीकन्व्हेयन्स म्हणतात, इतरत्र रिलीज किंवा सॅटिस्फॅक्शन. तो नसेल तर आत्ताच मागे लागा. घर विकायला काढाल तेव्हा ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असली तर पत्रव्यवहार कोणाशी करायचा इथूनच सुरुवात. (सावकाराच्या जागी ‘मर्स’ असं अनोळखी नाव दिसलं तर घाबरू नका, कर्ज देणाऱ्यांच्या वतीने नाव लावणारी ती कंपनी आहे.) हयातीतच घर ट्रस्टच्या नावावर ठेवण्यासाठी लिव्हिंग ट्रस्ट केलेल्यांनी रेकॉर्डरकडच्या नोंदी हमखास बघाव्यात. वकिलाकडचं जाडजूड बाड कपाटात असतं, पण घर ट्रस्टच्या नावावर करणारं डीड (मालकी बदलणारं खत) नोंदवलेलं नसतं. किंवा रिफायनान्ससाठी घर ट्रस्टमधून बाहेर काढलं आणि परत घालायचं राहून गेलं.

रेकॉर्डरकडच्या नोंदींची सूची बघायला सहसा पैसे पडत नाहीत. कागदाची प्रत हवी तर काही काउंट्या पानागणिक आकारतात. घर घेतल्यावर ‘तुमच्या डीडची प्रत मागवा’ म्हणून शंभरेक डॉलर मागणारं सरकारी वळणाचं पत्र आलं तर फेकून द्या, काउंटी तीच प्रत थोडक्या डॉलरांत देते. रेकॉर्डरकडे फसवणुकीची सूचना देणारी, म्हणजे तुमच्या नावाने कागद नोंदवला गेला की कळवणारी, मोफत सेवा असेल तर नाव नोंदवून टाका, आणि नावाची सगळी रूपं घाला.

झिलो, रेडफिन या घरं दाखवणाऱ्या खासगी साइट शेजारच्या घराची उत्सुकता भागवायला उत्तम. त्यांचा बराच मजकूर काउंटीतूनच येतो, तोही उशिरा. आणि टेक्ससमध्ये विक्रीची किंमत जाहीर करण्याची सक्तीच नाही, तेव्हा तिथला आकडा अंदाजच समजा. काउंटीच्या नकाशावरच्या रेषेवरून शेजाऱ्याशी कुंपणाचा वाद तर मुळीच घालू नका, त्याला सर्व्हेअरची मोजणी लागते.

सगळीकडे काउंटीच असते असंही नाही. न्यू जर्सीत एडिसनसारख्या गावी असेसर टाउनशिपचा आणि डीड मिडलसेक्स काउंटीच्या क्लार्ककडे. कनेक्टिकट, व्हरमाँट, ऱ्होड आयलंडमध्ये डीडसुद्धा गावाच्या किंवा शहराच्या क्लार्ककडे. न्यूयॉर्क शहरासाठी एक्रिस नावाची वेगळीच साइट आहे, तिच्यावर स्टेटन आयलंड सोडून बाकी चार बरोंचे (शहराच्या विभागांचे) १९६६ पासूनचे कागद मिळतात.

पैसे मोजून टायटल कंपनीकडून, म्हणजे मालकी हक्काच्या नोंदी तपासणाऱ्या कंपनीकडून, शोध कधी घ्यावा? घर वारशाने आलंय, घटस्फोट झालाय, किंवा अनोळखी बोजा दिसतोय, तेव्हा. त्याआधी खरेदीच्या वेळच्या फायलीत मालकाची टायटल पॉलिसी, म्हणजे मालकी हक्काचा विमा, आहे का बघा. तिचा हप्ता एकदाच भरलेला असतो, आणि खरेदीपूर्वीचा बोजा आता वर आला असेल तर बहुधा पहिला फोन त्या कंपनीलाच करायचा असतो.